साने गुरुजी आणि एक तुडुंब विहीर

साने गुरुजी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शाळेच्या भिंतीवरचा तोच एक फोटो येतो. डोक्यावर गांधी टोपी, चेहरा जरा उदास, खाली जन्म-मृत्यूची सालं. पाचवी-सहावीत त्यांच्यावर निबंध लिहायचा, दहापैकी सात मार्क घ्यायचे आणि पुढच्या धड्याला लागायचं! गेल्या पीएलमध्ये मी घरी पाचाडला होतो. पीएलमध्ये अभ्यास सोडून बाकी सगळं वाचावंसं वाटतं, हे इथे कुणाला सांगायला नको. तेव्हा 'श्यामची आई' पुन्हा हातात आलं. त्यातल्या प्रकरणांना गुरुजींनी 'रात्र' म्हटलंय, अशा एकूण ४२ रात्री आहेत. त्यातली बारावी रात्र श्यामच्या पोहण्याची. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरासाठी उत्प्लावक बल, मेटासेंटर वगैरे नुकतंच घोकून झालेलं असल्यामुळे असेल, पण यावेळी ती रात्र मला भलतीच वेगळी दिसली. म्हणून गुरुजींचं चरित्र मी या विहिरीच्या काठावर बसूनच सांगणार आहे. बाकीचं चरित्र लायब्ररीत मिळेल.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, पालगडचा. पालगड आमच्यापासून तसं लांब नाही. सावित्री ओलांडली की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो, तिथे दापोली तालुक्यात हे गाव आहे. डोंगर तेच, जांभा दगड तोच आणि पाऊसही तसाच, आडवातिडवा. घराणं खोताचं. म्हणजे एकेकाळी पैसाअडका, मान, माणसांची ये-जा. पण गुरुजींना कळायला लागेपर्यंत ते वैभव ओसरलं होतं. वडील सदाशिवराव कर्जात बुडत गेले, आणि आई यशोदाबाई होत्या त्यात घर चालवत राहिल्या. मराठी घरांत पुढे ज्यांना नुसतं श्यामची आई म्हणून ओळखू लागले त्या याच.

आता ती विहीर. कोकणातली पावसाळ्यातली विहीर ज्याने पाहिली नाही त्याला हे प्रकरण अर्धंच कळेल. एप्रिल-मेमध्ये जिथे पोहरा सोडला की दोराची गुंडाळी संपत येते, तिथे जुलै-ऑगस्टमध्ये काठावर बसून हात बुडवता येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर फ्रीबोर्ड जवळजवळ शून्य! त्यामुळे कोकणात पोरांना पोहायला शिकवायचं ते पावसाळ्यात, ही पद्धत जुनी आहे. पुस्तकातही तसंच आहे. मला आधी वाटायचं की ही नुसती मजा असेल, पाणी भरपूर म्हणून. पण विचार केला तर त्यामागे चोख हिशेब आहे. उन्हाळ्यातल्या विहिरीत पाणी वीस-पंचवीस फूट खाली, भिंती उभ्या. आत पडलेल्याला पोहता येत असलं तरी वर यायचं कुठून? हात दमेपर्यंत तो पोहणार आणि मग संपणार. भरलेल्या विहिरीत चार हात मारले की काठ हाताला लागतो, वरचा माणूस वाकून मनगट धरू शकतो. शिकणाऱ्याला पाणी किती खोल आहे याने फारसा फरक पडत नाही, काठ किती लांब आणि किती उंच आहे याने पडतो. हे आपल्या आज्या-पणज्यांना कुठल्याही कोडबुकाशिवाय ठाऊक होतं.

शिकाऊ पोराच्या कमरेला काहीतरी तरंगणारं बांधायचं आणि त्याला पाण्यात सोडायचं, ही दुसरी गोष्ट. कुठे सुकलेला भोपळा, कुठे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका, आमच्या लहानपणी तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन. याचं गणित अगदी सोपं आहे. छाती भरून श्वास घेतला की माणसाच्या शरीराची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी असते, श्वास पूर्ण सोडला की किंचित जास्त. म्हणजे आपण बुडण्याच्या आणि तरंगण्याच्या बरोबर सीमेवर असतो. पाण्याबाहेर काढलेल्या डोक्याचं वजन मात्र पाणी उचलत नाही, ते कुणीतरी उचलावं लागतं. लहान मुलाच्या बाबतीत ते साधारण तीन-चार किलो धरा. पाच लिटरचा सुका भोपळा अर्धा किलोचा धरला तर तो साडेचार किलोचा उचल देतो. झालं काम! व्हायवाला कुणी आर्किमिडीज विचारला तर भोपळा सांगा, परीक्षक खूश होतात की चिडतात ते तुमच्या नशिबावर.

पण इथे एक मेख आहे. भोपळा कमरेला किंवा पाठीवर बांधतात. त्यामुळे अंग आडवं होतं, पाय वर येतात, हातपाय मारायला शिकायला हे उत्तम. पण पोरगं घाबरून निश्चल झालं तर तोंड पाण्यात खाली जाऊ शकतं. लाइफ जॅकेटमध्ये हवा किंवा फोम छातीशी आणि मानेशी असतो तो याचसाठी, की बेशुद्ध माणसाचंही तोंड वर राहावं. भोपळा हे शिकण्याचं साधन आहे, जीव वाचवण्याचं नाही. म्हणूनच त्या पद्धतीतला तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे माणसं. विहिरीत आधीच पट्टीचे पोहणारे उतरलेले असतात, तळाशी बुडी मारून येणारे, आणि काठावर अजून दोघं-तिघं. भोपळा आहे म्हणून माणसं नकोत, असं कुठल्याही गावात कुणी म्हटलेलं नाही.

तर अशा सगळ्या व्यवस्थेत श्याम मात्र भित्रा. बाकीची पोरं विहिरीत उड्या मारत होती आणि हा पाण्याच्या जवळ जायला तयार नव्हता. आईने बरंच समजावलं. एके दिवशी पोरं बोलवायला आली तर हा माळ्यावर जाऊन लपला. मग मात्र आईने शिंपटी घेतली, त्याला खाली काढलं आणि मारत मारत विहिरीवर पाठवलं. कमरेला बांधून शेवटी श्याम पाण्यात गेला, आजूबाजूच्यांनी सांभाळलं, आणि आपण बुडत नाही हे त्याच्या अंगाला कळलं. घरी परत आला तेव्हा तीच आई कळवळली होती, त्याच्यासाठी दही राखून ठेवलं होतं. मारलं ते का, तर आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावं हे तिला सहन होणारं नव्हतं म्हणून.

शाळेत हा धडा शिकवताना आईची माया यावर सगळा भर असतो. माझं मत जरा वेगळं आहे, कुणाला राग आला तर येऊ दे. त्या दिवशी श्यामला पोहायला शिकवलं ते शिंपटीने नाही. ती काठोकाठ भरलेली विहीर, कमरेचं बांधलेलं आणि आत उतरलेली माणसं यांनी शिकवलं. शिंपटीने त्याला फक्त घरापासून विहिरीपर्यंत नेलं. पाण्याला घाबरलेल्या पोराला जबरदस्तीने ढकललं की काही जण शिकतात आणि काही जण जन्मभर पाण्याला पाठ करतात. आमच्या गावात दोन्ही प्रकारचे लोक आहेत आणि दुसऱ्या प्रकारचे आपल्या पोरांनाही विहिरीवर पाठवत नाहीत. आज पोहायला शिकवणारे चांगले लोक आधी पायऱ्यांवर बसवतात, तोंड बुडवून बुडबुडे काढायला लावतात, मग पाठीवर तरंगायला. काठ सोडायचा तो पोराने, आपण नाही. यशोदाबाईंच्या काळात, १९०५-१० च्या सुमारास, कोकणातल्या आईकडून ही अपेक्षा करणं चूक आहे. तिने मुलाला शिकवण्याचं काम स्वतःच्या हातात न घेता ज्यांना येतं त्यांच्यावर सोपवलं आणि पावसाळा उलटू दिला नाही, एवढ्या दोन गोष्टींबद्दल मी तिला पैकीच्या पैकी देईन.

पाचाडच्या विहिरींबद्दल इथे लिहिलं नाही तर गावातले मला येऊ देणार नाहीत. रायगड चढायच्या आधी जे गाव लागतं ते आमचं. गडावरची थंड हवा आणि वारा जिजाऊंना मानवेना म्हणून महाराजांनी खाली पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला. राज्याभिषेक झाला आणि पुढे दोन आठवड्यांच्या आतच, १७ जून १६७४ ला, जिजाऊ इथेच गेल्या. समाधीही इथेच आहे. वाड्याच्या अवशेषांत विहिरी आहेत, त्यातली एक तक्क्याची विहीर म्हणून प्रसिद्ध. काठावर पाठ टेकून बसता येईल असा घडीव दगडी तक्क्या आहे. महाराज तिथे बसून पाण्याला येणाऱ्या बायाबापड्यांशी बोलत असं सांगतात. पर्यटक त्यावर बसून फोटो काढतात. मला त्यात दिसतं ते एवढंच, की विहिरीच्या काठावर मोठ्या माणसाने बसावं अशी जागाच मुद्दाम करून ठेवलेली आहे. मुलं विहिरीवर असताना नेमका तसा एक मोठा माणूस काठावर बसलेला हवा. मोबाईल खिशात ठेवून! (ऐतिहासिक विहिरीत पोहायचं नाही हे उघड आहे. आम्ही पोहायला शिकलो ते शेतातल्या विहिरीत.)

पुन्हा गुरुजींकडे येऊ. पालगडची शाळा झाल्यावर ते दापोलीला मिशनच्या हायस्कुलात शिकले, मग औंधला, मग पुण्याला. घरचं दारिद्र्य वाढतच होतं. २ नोव्हेंबर १९१७ ला आई गेली. गुरुजी तेव्हा अठरा वर्षांचेही नव्हते आणि शिकायला दूर होते. ही जखम त्यांची कधीच भरली नाही. पुढे पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून (म्हणजे नंतरचं एस. पी.) ते बी. ए. झाले, मग एम. ए., आणि अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी गेले. तिथलं तत्त्वज्ञान त्यांना फारसं रुचलं नसावं, कारण १९२४ साली ते त्याच गावातल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि लवकरच वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडे आलं.

आपल्यातले जे होस्टेलवर राहतात त्यांनी हा भाग नीट वाचावा. वसतिगृहातली पोरं आपल्यासारखीच होती. अंथरुणं तशीच पडलेली, कंदिलाच्या काचा काळ्या, कपडे बादलीत. नवीन रेक्टर काय करतो? नोटीस लावतो, दंड करतो. गुरुजी पोरं शाळेत गेली की गुपचूप त्यांची अंथरुणं आवरून ठेवत, कंदील पुसून ठेवत, कपडेसुद्धा धुऊन टाकत. चार-आठ दिवसांत पोरांना लाज वाटायला लागली आणि ती आपणहून आवरायला लागली. शिवाय गुरुजी रोज स्वतःच्या हाताने लिहून एक दैनिक काढत, खास त्या वसतिगृहातल्या पोरांसाठी. रोज! आपलं हे मासिक वर्षातून एकदा निघतं आणि तेही संपादकांनी दहा वेळा मागे लागून.

मला हे पुन्हा पुन्हा जाणवलं, की ज्या मुलाला पाण्यापर्यंत शिंपटीने जावं लागलं, त्याने शिक्षक झाल्यावर शिंपटी हातात घेतली नाही. आईवर त्यांचा राग होता का? अजिबात नाही, उलट आईला त्यांनी देवापेक्षा वर ठेवलं. पण तिची माया घेतली आणि मार मागे ठेवला, असं दिसतं. शिकवण्याच्या बाबतीत ते आईच्या पुढे गेले असं मी म्हणेन.

१९३० साली नोकरीचा राजीनामा देऊन गुरुजी कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. मग तुरुंग सुरू झाले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतल्या लोकांचा सहवास मिळाला, तिथून भारतातल्या भाषा एकमेकांना कळल्या पाहिजेत हा ध्यास लागला, त्यालाच ते पुढे आंतरभारती म्हणू लागले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत असत, ते गुरुजींनी भराभर लिहून घेतलं म्हणून आज पुस्तकरूपाने आहे. लेक्चरच्या नोट्स घेणं म्हणजे काय ते यावरून कळावं. आणि मग नाशिकचा तुरुंग, फेब्रुवारी १९३३. ९ तारखेला लिहायला बसले आणि १३ तारखेच्या पहाटेपर्यंत 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहून झाला. दिवसा तुरुंगातलं काम आणि उरलेल्या वेळात लेखन. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं उलटली होती. पुस्तक १९३५ साली बाहेर आलं. श्याम म्हणजे शब्दशः पांडुरंग साने असं समजू नये, त्यात थोडी कल्पनेची भर आहे. पण ती विहीर कल्पनेतली वाटत नाही. भिजल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

यानंतर चौदा वर्षांनी गुरुजी पुन्हा पाण्याशी येतात, आणि हा भाग आपल्या महाडशी जोडलेला आहे म्हणून जरा सविस्तर.

पालगडच्या ज्या विहिरीवर श्याम पोहायला शिकला, त्या विहिरीवर गावातली सगळीच पोरं येऊ शकत होती का? त्या काळी कोकणातल्या पाणवठ्यांची रीत बघितली तर उत्तर उघड आहे. दलित वस्तीतल्या पोराला विहिरीला हात लावायची बंदी, मग त्यात उतरायचं कुठून? प्यायच्या पाण्यासाठी ज्याला दुसऱ्याच्या पोहऱ्याची वाट बघावी लागते त्याला पोहायला कोण शिकवणार? मुंबई कायदेमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर जाहीर केलं. पण प्रत्यक्षात २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तोपर्यंत कुणी तिथे फिरकू शकलं नव्हतं. त्यानंतर मारहाण झाली, तळं 'शुद्ध' करण्याचे प्रकार झाले, कोर्टकचेरी झाली आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. आपण एस. टी. स्टँडवरून चवदार तळ्याकडे पाच मिनिटांत चालत जातो. त्या पाच मिनिटांना कायद्याने दहा वर्षं लागली.

गुरुजी हे सगळं पाहत होते. स्वातंत्र्य उंबरठ्यावर आलं तरी पंढरपूरच्या विठोबाचं दार दलितांना बंद, ही गोष्ट त्यांना झोपू देईना. त्यांनी उपोषणाचा निश्चय केला. आधी लोकांना जागं करावं म्हणून सेनापती बापट वगैरे मंडळींच्या आग्रहाने ते महाराष्ट्रभर फिरले, कित्येक महिने. त्या दौऱ्यात गावोगावची देवळं खुली झाली आणि विहिरीही. मग १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण सुरू झालं आणि १० मे ला मंदिर खुलं करण्याचं मान्य झाल्यावर सुटलं. इतिहासाच्या पुस्तकांत देऊळ ठळक छापलेलं असतं, विहिरींचा उल्लेख एका ओळीत. मला त्या विहिरी जास्त महत्त्वाच्या वाटतात. देवळात माणूस आषाढीला जातो, विहिरीवर त्याला दोन वेळा जावं लागतं, आणि त्याचं पोर तर दिवसभर तिथेच घुटमळत असतं.

आमच्या भागात पाण्याचं काय चालतं हे महाड-पोलादपूरकडच्या कुणालाही माहीत आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला, त्यात दोन एस. टी. गाड्या माणसांसकट गेल्या. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पुरात बुडालं, लोक पहिल्या मजल्यावरून पाणी बघत होते. अशा पुरात पोहता येऊन उपयोग होतो का? खरं सांगायचं तर फार कमी. पट्टीचा पोहणाराही पुराच्या लोंढ्यापुढे काडी आहे. तिथे पाण्यात न जाणं हेच पोहणं. पण बुडून मरणारी बहुतेक माणसं काही पुरात मरत नाहीत. ती विहिरीत, तळ्यात, डोहात, धबधब्याखाली, अगदी घरामागच्या खड्ड्यात मरतात, आणि तेही ऊन पडलेल्या साध्या दिवशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यात पाच वर्षांखालची मुलं सगळ्यात जास्त. पाच वर्षांच्या आतलं पोर ओरडत नाही, हात हलवत नाही. सिनेमात दाखवतात तसं काही होत नाही. शांतपणे खाली जातं, मिनिट-दोन मिनिटांत. त्याच्यासाठी पोहण्याचा वर्ग हा उपाय नाही. विहिरीला कठडा, वर जाळी, अंगणातलं पिंप झाकलेलं, आणि आई-बाप शेतावर असताना लक्ष ठेवणारं कुणीतरी, हा उपाय. पावसाळ्यात हाताला लागणारं पाणी शिकणाऱ्यासाठी जेवढं चांगलं तेवढंच रांगणाऱ्यासाठी वाईट.

सहा-सात वर्षांच्या पुढे मात्र शिकवायलाच पाहिजे. आणि त्यासाठी टाइल्सचा स्विमिंग पूल लागतो हा शहरी गैरसमज आहे. बांगलादेशात, जिथे घराघरामागे पोखर म्हणजे तळं असतं, तिथे त्याच तळ्यात बांबूचा मचाण ठोकून उथळ, कुंपण घातलेला चौकोन करतात आणि गावातल्याच प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडून मुलांना शिकवतात. पास व्हायला काय लागतं? २५ मीटर पोहणं, ३० सेकंद एका जागी तरंगणं, आणि दुसरं कुणी बुडत असेल तर आपण उडी न मारता काठावरून काठी, दोर नाहीतर कापड टाकणं. बटरफ्लाय स्ट्रोक नको, मेडल नको. आपल्या विहिरीवरच्या भाषेत सांगायचं तर चार गोष्टी यायला हव्यात: पडलो की वर येणं, वळून काठ शोधणं, काठ नसला तर पाठीवर पडून श्वास घेत राहणं, आणि मित्र बुडताना स्वतः उडी न घेणं. ही शेवटची गोष्ट शिकवायला सगळ्यात अवघड. धबधब्यावर एक बुडतो आणि त्याला धरायला गेलेले दोघं-तिघं जातात, ही बातमी रायगड जिल्ह्यात दर पावसाळ्यात वाचायला मिळते. त्यांच्याजवळ बहुतेक वेळा बॅग असते, ओढणी असते, बिसलेरीच्या रिकाम्या बाटल्या असतात. झाकण घट्ट लावलेल्या एक-एक लिटरच्या चार-पाच बाटल्या पिशवीत बांधून टाकल्या तर वर केलेलं गणित पुन्हा करून बघा, उचल पुरेसा भरतो.

श्यामच्या त्या विहिरीत यातलं बहुतेक सगळं होतं, फक्त ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. गुरुजींनी लिहिलं, आणि तेही आईबद्दल लिहिताना, जाता जाता.

आता शेवटची वर्षं. ती लिहायला मला अवघड जातात. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींचा खून झाला. खुनी महाराष्ट्रातला होता याचं गुरुजींना इतकं लागलं की त्यांनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. त्यात त्यांनी देशाबद्दल लिहिलं, समाजवादाबद्दल लिहिलं आणि मुलांसाठी गोष्टीही लिहिल्या. पण मनाने ते खचत चालले होते. ज्या स्वातंत्र्यासाठी तरुणपण तुरुंगात घालवलं त्याचं जे काही होत होतं ते त्यांना बघवेना. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. लोकांना पाण्यातून वर काढणारा माणूस आतून बुडत होता आणि जवळच्यांनाही ते वेळेत कळलं नाही. मन बुडतानाही माणूस ओरडतोच असं नाही. होस्टेलवर शेजारच्या खोलीतला कुणी चार दिवस मेसला दिसला नाही तर दार वाजवा, एवढं मी या जागी लिहिणार होतो, लिहिलं.

त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९५३ मध्ये, आचार्य अत्र्यांनी 'श्यामची आई' चित्रपट काढला. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक पहिल्यांदा दिलं गेलं ते या चित्रपटाला. पुस्तकाच्या आवृत्त्या तर निघतच आहेत. पालगडला गुरुजींचं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे. आणि आपल्याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या वडघरला साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक आहे, तिथे मुलांची शिबिरं भरतात. महाडहून जायला तासभर लागतो. या पावसाळ्यात सबमिशन संपल्यावर आमच्या वर्गातले चौघं जण जाणार आहोत. दोघांना पोहता येत नाही, त्यांनी आधी चार रविवार आमच्या शेतातल्या विहिरीवर यायचं ठरलंय. पाण्यात काका असतील, काठावर मी, आणि भोपळा मिळाला नाही तर तेलाचे दोन कॅन धुऊन ठेवलेत.